चालू ठेव

आधी कार्डं होती.
पाच युरोचं एक. नाण्याने चंदेरी पट्टी खरवडायची,
ती राखेसारखी नखांत बसायची.
मग कुणी बाई सांगायची, तुमच्याकडे अकरा मिनिटं आहेत,
आणि आम्ही दोघी धापा टाकत बोलायचो:
डॉक्टर काय म्हणाला, पैसे पोचले का, छत गळतंय का.
गप्प बसणं परवडत नव्हतं.
एकदा आईला खोकल्याची उबळ आली
तर मी मनात सेंट मोजले.
त्याची लाज अजून जात नाही.

आता फुकट आहे.
सिन्योरा फिलोमेनाच्या मुलाने, कॉसिमोने,
वायफायचा पासवर्ड संतांच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवलाय.
गीझर किती वेळ चालला ते तो विचारतो,
हे विचारत नाही.
मी फोन साखरेच्या डब्याला टेकवते,
इकडे बारीत कांदा चिरते,
तिकडे जॉर्जियात, झेस्ताफोनीला, आई अक्रोड फोडते.
हातोडी आधी पडते, आवाज मागून येतो.
तास तास कुणी काही बोलत नाही.
मधेच ती विचारते, "आहेस का?"
"आहे."
एवढंच.

सिन्योरा एक्याण्णव वर्षांची.
पहिल्यांदा आईला पडद्यावर पाहिलं
तेव्हा तिने केस सारखे केले आणि मलाच रागावली,
पाहुणी उभी आहे, खुर्ची दे.
मी फोनसमोर खुर्ची ओढली.
बसली ती स्वतःच.

आईला इटालियनचा एक शब्द येत नाही.
सिन्योराला जॉर्जिया हे कुणाच्या तरी मुलीचं नाव वाटतं.
दोघींना नीट ऐकूही येत नाही, ते एक बरं.
एक आपल्या गुडघ्याबद्दल सांगते,
दुसरी मेलेल्या नवऱ्याबद्दल,
आणि दोघी अगदी जागच्या जागी मान हलवतात.
एकदा आईने अक्रोडाचा गर कॅमेऱ्यापुढे धरला.
सिन्योराने तोंड उघडलं.

मला हसू आलं नाही.
ताट जरा जोरात आपटलं गेलं.
सात वर्षं झाली,
मला कुणी भरवलेलं नाही.

माझा जुना फोन, काचेला तडा गेलेला,
शेवटी मी सिन्योरालाच देऊन टाकला.
आईचा फोटो मोठा करून ठेवला. बोट लावलं की पुरे.

गुरुवारी दुपारी मला सुट्टी.
स्टेशनसमोरच्या बागेत आमच्या बायका जमतात,
गुलनारा, मेदेया, थोरली एतेरी,
मांडीवर सूर्यफुलाच्या बिया,
कुणाचं तरी नातवंड पडद्यावर रांगतंय
आणि सगळ्याजणी हात पुढे करून "ये, ये" म्हणतायत.
ते येतं, येतं,
चौकटीच्या कडेला पोचतं आणि दिसेनासं होतं.

आज मी जरा लांबच्या बाकावर बसले, आईला फोन लावला.
ती दुसऱ्या कॉलवर होती.
पुन्हा लावला. दुसऱ्या कॉलवर.
माझ्या आईला दुसरं आहे कोण?
लिहिलं, "कुठे आहेस?"
दोन खुणा उमटल्या, निळ्या झाल्या.
"टाइप करत आहे" असं आलं, गेलं, परत आलं.
तिला एकेक अक्षर शोधावं लागतं,
चष्मा दोरीने बांधलेला, तरी सापडत नाही.
चार वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं:

"तिच्या गोळ्यांच्या डबीत गुरुवारचा कप्पा
भरलेलाच दिसतोय, लामारा. लवकर परत जा.
तोवर मी तिला झोपू देत नाही."

मी बिया पिशवीत परत ओतल्या.
बसमध्ये उभी राहिले, फोन हातात,
पण लावला नाही पुन्हा.
मधेच घुसले असते
तर दोघी रागावल्या असत्या.